रिव्हर्सला चेंडू पायात येतो: घरातल्या ड्रिबलच्या सरावातला परत परत उगवणारा दोष

घरच्या घरी हॉकीच्या ड्रिबलचा, म्हणजे चेंडू स्टिकने इकडून तिकडे खेळवत ताब्यात ठेवण्याचा, सराव करणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते. चेंडू दहा-बारा वेळा उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे व्यवस्थित जातो आणि मग अचानक उजव्या पायावर येऊन आदळतो, किंवा स्टिकच्या पुढून निसटून थेट कपाटाखाली जातो. दोन दिवस मन लावून, सावकाश खेळले की दोष गेल्यासारखा वाटतो. वेग थोडा वाढवला की तो पुन्हा हजर होतो. मी स्वतः या दोषामागे काही महिने घालवले. आधी चेंडू बदलला, मग खाली मॅट अंथरली, मग स्टिकची ग्रिप नव्याने गुंडाळली आणि प्रत्येक बदलानंतर दोन दिवस समाधानात काढले. दोष होता माझ्या उजव्या हातात, आणि तो सापडायला एवढा वेळ लागला याचे कारण असे की मी एका वेळी तीन-तीन गोष्टी बदलत होतो आणि चेंडू नेमका कोणत्या दिशेला पळतो हे पाहतच नव्हतो.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. हे सगळे विवेचन मैदानी हॉकीचे आहे. घरी सराव करताना पाहिल्या जाणाऱ्या व्हिडिओंपैकी बरेचसे आइस हॉकीचे असतात आणि त्यांत खेळाडू स्टिकचे पाते किंचित कलते करत दोन्ही बाजूंनी पक, म्हणजे तिथली चपटी रबरी चकती, खेळवतो. तिथे पात्याच्या दोन्ही बाजू वापरता येतात. आपल्याकडे स्टिकची एकच बाजू सपाट असते, ती नेहमी डावीकडची असते, आणि पाठीच्या गोल बाजूने चेंडू खेळल्यास तो फाउल ठरतो. त्यामुळे डावखुऱ्या खेळाडूलाही तीच स्टिक तशीच धरावी लागते. याचा परिणाम असा की आइस हॉकीत जे काम मनगटाच्या हलक्या हालचालीने होते, त्यासाठी मैदानी हॉकीत स्टिक प्रत्येक वेळी जवळजवळ अर्धा फेरा उलटी करावी लागते. ते व्हिडिओ पाहून जो शिकतो, तो स्टिक अर्धवट फिरवायला शिकतो, आणि आपला दोष नेमका तिथेच जन्माला येतो. त्या खेळाकडून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे: तिथेही स्टिक फिरवतो तो वरचा हात, खालचा हात सैल राहून केवळ साथ देतो. त्याकडे पुढे येऊच.

पहिली पायरी: चेंडू कुठे पळतो?

दुरुस्तीला हात घालण्याआधी पाच मिनिटे केवळ निरीक्षणाला द्यावीत. मोबाइल जमिनीलगत, आपल्यासमोर दोन-तीन पावलांवर टेकवून ठेवावा, शक्य असल्यास संथ गतीत चित्रण करावे आणि चेंडू सुटला की न चिडता तो परत आणून पुन्हा सुरुवात करावी. वीस वेळा चेंडू सुटेपर्यंत हे करावे आणि प्रत्येक वेळी तो कोणत्या बाजूने गेला हे कागदावर लिहावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही, कारण चेंडू पळण्याची दिशा हीच दोषाची खरी साक्ष असते.

या साक्षीचा अर्थ समजण्यासाठी स्टिक कशी फिरते ते नीट डोळ्यांसमोर आणावे लागते. फोरहँडला स्टिक चेंडूच्या उजवीकडे असते, सपाट बाजू डावीकडे पाहत असते आणि हूक, म्हणजे खालच्या वाकाचे टोक, आपल्यापासून दूर, समोर असते. तिथून स्टिक चेंडूच्या वरून पलीकडे जाताना हूक आधी डावीकडे वळतो आणि शेवटी आपल्याकडे, म्हणजे मागे येतो. त्या क्षणी सपाट बाजू उजवीकडे पाहते आणि स्टिक चेंडूच्या डावीकडे असते. हे रिव्हर्स. या अर्ध्या फेऱ्याच्या ऐन मध्यावर सपाट बाजू सरळ आपल्या पायांकडे तोंड करून असते, आणि सगळी मेख याच ठिकाणी आहे.

स्टिक रिव्हर्सला पुरती फिरली नाही, मध्यानंतर थोडी पुढे जाऊन थांबली, तर सपाट बाजू उजवीकडे आणि मागे, अशी तिरकी पाहते, आणि तिच्यावर लागलेला चेंडू उजव्या पायावर येतो. उलट, रिव्हर्सवरून फोरहँडला परतताना स्टिक पुरती उघडली नाही तर चेंडू डाव्या पायाकडे येतो. फोरहँडला ती प्रमाणाबाहेर उघडली तर चेंडू डावीकडे पुढे निसटतो. म्हणजे पायात येणारा चेंडू हा अपुऱ्या फिरवण्याचा पुरावा असतो आणि पुढे पळणारा चेंडू बहुतेक वेळा फोरहँडच्या उघड्या बाजूचा, किंवा चेंडू बाजूला न सरकवता पुढे ढकलण्याच्या सवयीचा असतो. माझ्या वीस नोंदींपैकी चौदा उजव्या पायाच्या निघाल्या. त्यानंतर मला चेंडू आणि मॅट यांच्याविषयी विचार करण्याचे कारण उरले नव्हते. तरी मी एक आठवडा केला.

जमिनीचा उतार हाताच्या चुकीसारखा दिसतो

दिशा कळली तरी ती हातामुळे आहे की जमिनीमुळे, हे आधी ठरवावे लागते. बाल्कनी, गच्ची, अंगण यांना पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नसला तरी चेंडूला समजतो. चेंडू जमिनीवर अलगद ठेवून हात काढून घ्यावा. तो आपण होऊन कुठे निघतो ते पाहावे. चेंडू जागेवरच राहिला तरी एक पडताळणी अवश्य करावी: दहा मिनिटे एका दिशेला तोंड करून खेळावे आणि मग तिथेच उभे राहून पाठ फिरवून पुन्हा दहा मिनिटे खेळावे. चेंडू आधी उजव्या पायाकडे येत असेल आणि तोंड फिरवल्यावर डावीकडे पुढे पळू लागला असेल, तर तो जमिनीच्या मागे जातो आहे. तोंड कुठेही असले तरी तो उजव्या पायावरच येत असेल, तर तो आपल्या हातांच्या मागे जातो आहे. उतार असल्यास सरळ जागा बदलावी. उताराशी जुळवून घेत सराव केल्यास हात त्या उतारालाच सरावतात आणि मैदानावर गेल्यावर नवाच दोष घेऊन उभे राहतात.

टाइलच्या सांध्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सांध्यावर चेंडू उडी मारत असेल तर वर प्लायवुडचा गुळगुळीत तुकडा किंवा न सुरकुतणारी जाड रबरी मॅट टाकावी. त्याने आवाजही कमी होतो आणि टाइल फुटण्याची धास्तीही राहत नाही.

खडूची परीक्षा

आता मूळ दोषाकडे येऊ. स्टिक पुरती फिरते की नाही हे आपल्याला स्वतःला जाणवत नाही. वाटते ती फिरली. व्हिडिओतही कोन फसवतो. त्यासाठी मला उपयोगी पडला तो साधा रंगीत खडू. चेंडूवर खडू भरपूर घासावा, स्टिकची सपाट बाजू आणि कडा ओल्या फडक्याने पुसून कोरड्या कराव्यात, आणि सावकाश दहा वेळा चेंडू इकडून तिकडे खेळवून थांबावे. मग स्टिक उजेडात धरून पाहावी. दर दहा टप्प्यांनंतर चेंडूला पुन्हा खडू लावावा लागतो, हे लक्षात असू द्यावे.

रिव्हर्स नीट होत असेल तर खुणा हूकच्या सपाट भागावर, एकमेकींजवळ, पुंजक्याने दिसतात. माझ्या स्टिकवर पहिल्या दिवशी निळ्या खुणा दोन ठिकाणी होत्या: सपाट भागावर फोरहँडचा नीटनेटका गोल डाग आणि वाकाच्या टाचेकडच्या कडेवर ओढल्यासारखा लांबट पट्टा. तो पट्टा म्हणजे रिव्हर्सला चेंडू सपाट बाजूला लागतच नव्हता, अर्धवट फिरलेल्या स्टिकच्या कडेला लागून घसरत होता. अशा कडेवरून सुटलेला चेंडू कुठे जाईल याचा भरवसा नसतो, म्हणूनच तो दहा वेळा नीट जातो आणि अकराव्या वेळी पायावर आदळतो. खुणा हूकच्या अगदी टोकावर असतील तर चेंडू शरीरापासून फार पुढे आहे, किंवा रिव्हर्सला स्टिक जमिनीपासून उचललेली राहते आहे. खुणा वाकाच्या वर दांड्यावर असतील तर स्टिक फार आडवी झाली आहे आणि चेंडू पायांच्या बाजूला सरकला आहे.

ही परीक्षा दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा करावी. दोष परत आला की नाही हे आपल्या मनाला विचारण्यापेक्षा खडूला विचारणे बरे.

उजवा हात

पुरती न फिरणारी स्टिक ज्या कारणाने अडते त्यांत उजवा हात पहिला येतो, आणि माझ्या अनुभवात तो एकटाच बाकी सगळ्या कारणांना पुरून उरतो. हॉकी खेळताना डावा हात दांड्याच्या वरच्या टोकाला असतो आणि उजवा हात खाली, ग्रिपच्या शेवटाच्या आसपास. स्टिक फिरवण्याचे काम डाव्या मनगटाचे आहे. उजव्या हाताची बोटे म्हणजे एक सैल कडे असावे, ज्यात दांडा गरगरा फिरू शकतो. तो हात स्टिकला डावी-उजवीकडे नेतो, पण तिला पिळत नाही. प्रत्यक्षात मात्र बहुतेक जण उजव्या हातानेच लिहितात, जेवतात आणि स्क्रू पिळतात, त्यामुळे थोडी घाई झाली की तो हात न विचारता कामाला लागतो आणि मूठ आवळतो. एकदा दोन्ही मुठी घट्ट झाल्या की स्टिक दोन्ही हातांना मिळून एकदमच फिरवावी लागते, आणि फोरहँडला आरामात बसलेले उजवे मनगट अर्धा फेरा पुरा होण्याआधीच आपल्या मर्यादेला पोचते. स्टिक तिथेच थांबते. पुढे काय होते ते वर लिहिलेच आहे.

यावरून हेही कळते की दोष वेग वाढवल्यावरच का दिसतो. सावकाश खेळताना उजवी मूठ सैल ठेवण्याकडे आपले लक्ष असते. वेग वाढला की लक्ष चेंडूकडे जाते आणि मूठ आपोआप आवळली जाते. म्हणून "सैल धरा" हा सल्ला कितीही खरा असला तरी त्याचा उपयोग दोन दिवसच टिकतो. हाताला आवळता येणार नाही अशी व्यवस्था करावी लागते.

ती व्यवस्था फार सोपी आहे. जिथे उजवा हात येतो तिथे दांड्याभोवती जाड कागद चार-पाच थर सैल गुंडाळून बाहेरून चिकटपट्टीने बंद करावा, म्हणजे एक वीतभर लांबीची नळी तयार होते आणि दांडा तिच्या आत मोकळा फिरतो. दांड्यावर सहज सरकेल अशी पुठ्ठ्याची तयार नळी मिळाल्यास आणखी चांगले. उजव्या हाताने ही नळी धरावी, दांडा नव्हे. आता उजवी मूठ कितीही आवळली तरी ती फक्त नळीला आवळते आणि स्टिक डाव्या हाताच्या ताब्यात राहते. पहिल्या दिवशी स्टिक अंगातून निघून गेल्यासारखी वाटते, चेंडू हळू जातो आणि डावा हात लवकर थकतो. तो थकतो आहे याचाच अर्थ आजवर त्याचे काम दुसरा कुणीतरी करत होता. मी रोज दहा-दहा मिनिटांच्या दोन बैठका नळीने केल्या, आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटची दोन मिनिटे नळी काढून खेळलो. नळी काढल्यानंतरच्या त्या दोन मिनिटांत खडूचा लांबट पट्टा कसा आखूड होत गेला ते पाहण्यात मला सामना जिंकल्याइतकी मजा आली, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

डाव्या हाताची बैठक

उजवा हात बाजूला केल्यावरही फेरा अपुरा राहत असेल, तर डाव्या हाताने स्टिक धरण्याची जागा तपासावी. मनगटाला दोन्ही दिशांना मर्यादा आहे आणि अर्धा फेरा हा त्या मर्यादेच्या अगदी जवळ जातो, म्हणून डाव्या हाताची पकड अशी हवी की फेऱ्याच्या मध्यावर मनगट सर्वांत आरामात असेल आणि दोन्ही टोकांना सारखाच ताण पडेल. पकड फोरहँडला सोयीची केली तर सगळा ताण रिव्हर्सच्या वाट्याला येतो, आणि नवशिके नेमके हेच करतात, कारण स्टिक हातात घेताना ती फोरहँडलाच असते.

तपासण्याची रीत अशी: चेंडू बाजूला ठेवावा, स्टिक केवळ डाव्या हातात घ्यावी, हूक डावीकडे वळवून सपाट बाजू आपल्याकडे करावी आणि याच स्थितीत मूठ नव्याने, मनगट सरळ ठेवून बंद करावी. मग डोळे मिटून स्टिक एकदा पूर्ण फोरहँडला आणि एकदा पूर्ण रिव्हर्सला न्यावी. एका टोकाला मनगट आधी अडत असेल तर मूठ दांड्यावर थोडीशी फिरवून पुन्हा पाहावे. दोन्हीकडे सारखे वाटले की त्या जागी अंगठा ग्रिपवर जिथे येतो तिथे रंगीत चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून ठेवावा, म्हणजे रोज नव्याने शोधाशोध करावी लागत नाही. डावे कोपर बरगड्यांना चिकटलेले असेल तर ही सगळी खटपट वाया जाते. ते शरीरापासून सुटे, किंचित पुढे असले पाहिजे.

इथे हेही पाहून घ्यावे की फिरवताना दांड्याचे वरचे टोक पोटाला किंवा हाताला अडत तर नाही ना. अडत असल्यास चेंडू पायांच्या फार जवळ आहे, किंवा स्टिक उंचीच्या मानाने लांब आहे. स्टिक पायाच्या बाहेरच्या बाजूला जमिनीवर उभी टेकवली असता तिचे टोक कमरेच्या हाडाच्या आसपास यावे, असा साधारण अंदाज धरतात. मुलांना "पुढे वाढेल तेव्हा उपयोगी पडेल" म्हणून लांब स्टिक घेऊन देण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही. कपड्यांच्या बाबतीत ती चालते, स्टिकच्या बाबतीत त्या काळात शिकलेली चुकीची पकड मूल वाढल्यानंतरही तशीच राहते.

चेंडू हळू, स्टिक जलद

हात ठीक असूनही चेंडू पुढे निसटत असेल तर फटक्याचा जोर आणि स्टिकच्या हालचालीचा क्रम पाहावा. ड्रिबलमध्ये चेंडूला ठोकायचे नसते, सरकवायचे असते. चेंडू डाव्या बाजूला पोचण्याआधी स्टिक त्याच्यावरून पलीकडे जाऊन, हूक जमिनीला जवळजवळ टेकवून, त्याची वाट पाहत असली पाहिजे. नवशिक्यांचे याच्या उलट होते: चेंडू जोराने जातो आणि स्टिक त्याच्यामागे धावते, मग ती पोचते तेव्हा फेरा पुरा करायला वेळच उरलेला नसतो. म्हणजे अपुऱ्या फेऱ्याचे हे दुसरे कारण, आणि खडूवर ते पहिल्यासारखेच दिसते. दोन्हींतला फरक कानांना कळतो. चित्रण आवाजासह पुन्हा ऐकावे. फोरहँडचा आणि रिव्हर्सचा "टक्" सारख्या अंतराने येत असतील तर हालचालीचा क्रम ठीक आहे आणि दोष पकडीत आहे. "टक्-टक्… टक्-टक्" असे लंगडत येत असतील तर स्टिक एका बाजूला उशिरा पोचते आहे.

यावर मेट्रोनोमसारखे उत्तर नाही. ठरवलेल्या वेगाने ठोके देणारे हे साधन मोबाइलवर सहज मिळते. मिनिटाला 60 ठोके लावावेत, प्रत्येक ठोक्याला एक स्पर्श ठेवावा, आणि चेंडूची ये-जा खांद्यांच्या रुंदीहून अधिक होऊ देऊ नये. सलग दोन मिनिटे चेंडू सुटला नाही तरच ठोके 5 ने वाढवावेत. सुटला तर 10 ने कमी करावेत. हे आकडे कुठल्या नियमात नाहीत, मी ते माझ्यापुरते ठरवले आणि मला मानवले. महत्त्वाचे एवढेच की वेग कधी वाढवायचा हे उत्साहाने ठरवू नये.

चेंडूची निवड

घरात आवाज नको म्हणून टेनिसचा चेंडू वापरला जातो आणि त्याला माझी मनाई नाही, पण तो काय शिकवतो आणि काय शिकवत नाही ते समजून घ्यावे. हॉकीच्या चेंडूचे वजन नियमाप्रमाणे 156 ते 163 ग्रॅम असते, टेनिसच्या चेंडूचे 56 ते 59.4 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. शिवाय टेनिसचा चेंडू स्टिकवर आपटून उसळतो. त्याला आवरताना हात मऊ होतो, हा फायदा. पण खऱ्या चेंडूचे वजन ओढून आणण्याची सवय मनगटाला लागत नाही, हा तोटा. रिव्हर्सचे ओढणे तर त्यावर शिकताच येत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. गोल्फचा चेंडू याच्या बरोबर उलट प्रकारचा शिक्षक आहे: त्याचा व्यास जेमतेम 4.3 सेंटीमीटर, तर हॉकीच्या चेंडूचा 7.1 ते 7.5 सेंटीमीटर, त्यामुळे स्टिक जमिनीपासून किंचितही उचललेली असेल तर तो सरळ खालून निघून जातो. खडूच्या परीक्षेत खुणा हूकच्या टोकावर येत असतील त्यांनी रोज तीन-चार मिनिटे त्याच्याशी खेळावे. मात्र तो वेगाने पळतो आणि दाराच्या फटीतूनही जातो, म्हणून कडेने गुंडाळलेल्या चादरीचे कुंपण करून घ्यावे.

मुख्य सराव मात्र खऱ्या वजनाच्या चेंडूनेच करावा, पायांत बूट घालून. अनवाणी पायाच्या अंगठ्यावर तो एकदा बसला की आठवडाभर सरावाची इच्छाच होत नाही. घरात स्टिकने चेंडू हवेत उचलण्याचे प्रयोग करू नयेत, हे सांगण्याची गरज भासू नये.

गुळगुळीत टाइलवर चेंडू स्वतःहून थांबत नाही, म्हणून तिथे तो दोन्ही बाजूंना अडवून घ्यावा लागतो. गालिच्यावर तो लगेच मंदावतो, म्हणून तिथे माणूस नकळत त्याला खोरे मारल्यासारखा ढकलू लागतो. मी दोन्ही पृष्ठभाग आलटून-पालटून वापरतो. एकाच पृष्ठभागावर महिनोन्महिने खेळणाऱ्याचा हात त्याच पृष्ठभागापुरता तयार होतो. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम टर्फवर खेळली जाते आणि टर्फवर चेंडू सरळ, एकसारखा धावतो; तरीही ओल्या आणि कोरड्या टर्फवर त्याचा वेग बदलतो, हे तिथे खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

नजर, आणि दोष परत येण्याची वेळ

वरचे सगळे जमल्यावर लोक नजर वर करून खेळू लागतात आणि दोष तिसऱ्यांदा परत येतो. यात नवे काही बिघडलेले नसते. नजर चेंडूवरून हटली की घाबरलेला उजवा हात जुन्या सवयीने पुन्हा आवळतो, एवढेच. म्हणून नजरेचा सराव सुरू करताना नळी पुन्हा चढवावी आणि मेट्रोनोम पुन्हा 60 वर आणावा. समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला कॅलेंडर लावून खेळता खेळता त्यावरच्या तारखा मोठ्याने वाचाव्यात. चेंडू दृष्टीच्या खालच्या कडेला पुसट दिसत राहतो आणि तेवढे पुरते, मात्र त्यासाठी तो हातभर पुढे असायला हवा आणि गुडघे वाकलेले असायला हवेत. कंबरेत वाकून खेळणाऱ्याला चेंडू आणि समोरचे एकाच वेळी दिसणे शक्य नाही.

उभे राहून जमलेले ड्रिबल चालताना मोडते, तेव्हाही हाच क्रम लावावा: नळी, 60 ठोके, खडू. घरात चालायला जागा नसल्यास एका जागी पावले उचलत खेळावे; पावलांचा ताल आणि स्पर्शांचा ताल वेगळा ठेवणे हेच त्यातले अवघड काम आहे आणि ते दोन चौरस मीटर जागेतही होते.

डाव्या मनगटात अंगठ्याच्या बाजूला दुखू लागले तर सराव तिथेच थांबवावा. दुखणे दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीने गेले तर पकड पुन्हा तपासून, बैठका निम्म्या करून सुरुवात करावी. विश्रांतीनंतरही राहिले तर डॉक्टरांना दाखवावे. हे सगळे करूनही रिव्हर्सचा पट्टा खडूवर महिनाभर तसाच दिसत असेल, तर स्टिक कुणा जाणत्या खेळाडूच्या हातात देऊन त्याला त्याच चेंडूने, त्याच जागी दहा वेळा खेळायला सांगावे आणि त्याच्या खुणा पाहाव्यात. त्याच्याही खुणा कडेवर आल्या तर दोष स्टिकच्या लांबीत, वजनात किंवा बाकात असण्याची शक्यता आहे. त्याच्या खुणा सपाट भागावर आल्या तर स्टिक परत घेऊन नळी चढवावी.